दोन दाखल्यांच्या मधे

कर्जतच्या किंवा खालापूरच्या तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरणाऱ्याला एक गोष्ट सिद्ध करावी लागते. आपल्याला काम होत नाही, ही ती गोष्ट. १९८० साली सुरू झालेल्या या योजनेत क्षय, कर्करोग, पक्षाघात, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांमुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्यांना जागा आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला सोबत जोडला की दरमहा दीड हजार रुपये मिळू शकतात. तोच माणूस खोपोलीतल्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर कामासाठी उभा राहिला, तर तिथे त्याला बरोबर उलटी गोष्ट सिद्ध करावी लागते. मला काहीही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे, कुठलंही काम द्या. तिथला कागद म्हणजे ‘मेडिकल फिट’चं सर्टिफिकेट.

मधुमेह, दमा, मिरगी, सिकलसेल, संधिवात, मूत्रपिंडाचा विकार, स्किझोफ्रेनिया, एचआयव्ही. यातलं काहीही कायमचं मागे लागलेल्या माणसाला हे दोन्ही दाखले खोटेच वाटतात, कारण तो या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. महिन्यातले पंचवीस दिवस तो इतरांइतकंच काम करतो, दोन दिवस रेटून नेतो आणि उरलेले दिवस अंथरुणात नाहीतर दवाखान्यात काढतो. त्याला काम होतं, पण कोणतंही काम, कोणत्याही वेळी होत नाही. आपल्याकडे कामाचा शोध अशा माणसाला इतका का दमवतो आणि त्यातून वाट कशी काढता येते, ते या प्रकरणात पाहू.

कामाची जागा शरीराकडे काय मागते

‘या आजारात काम करता येतं का?’ हा प्रश्न डॉक्टरांना सर्रास विचारला जातो. पण तो अर्धवट आहे. कोणतं काम, किती वाजता, घरापासून किती लांब आणि कोणाच्या हाताखाली, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नसतं. कर्जत आणि खालापूर हे शेजारशेजारचे तालुके यासाठी पाहण्यासारखे आहेत, कारण कामाचे चार-पाच अगदी वेगळे प्रकार इथे हाताच्या अंतरावर सापडतात.

पहिलं काम मुंबईचं. कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. लोकलने एका बाजूला दोन तासांच्या आसपास, म्हणजे आठ तासांच्या नोकरीला चार तासांचा प्रवास जोडलेला. खोपोलीहून निघणाऱ्याला आधी लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत कर्जत गाठावं लागतं आणि त्या एकेरी मार्गावर एक गाडी चुकली की पुढचं सगळंच कोसळतं. उपनगरी लोकलला शौचालय नसतं. निरोगी प्रवाशाच्या हे ध्यानातही येत नाही. पण लघवी जास्त होणारा मधुमेही, आतड्याच्या सुजेचा रुग्ण किंवा रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारी बाई यांच्यासाठी नोकरी करायची की नाही, हे या एका गोष्टीवर ठरू शकतं. मग कुणी सकाळची गोळी दुपारवर ढकलतं, कुणी पाणी पिणंच सोडतं. मूतखडा किंवा सिकलसेल असलेल्याने पाणी तोडणं म्हणजे दुखणं घरी बोलावणं. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांना प्रवासाची मुभा आहे. बाहेरून न दिसणारे बाकीचे आजार असलेल्यांना मात्र गर्दीच्या डब्यातच उभं राहावं लागतं.

दुसरं काम कारखान्यांचं. खोपोलीला १९१५ साली टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. वीज तयार झाल्यावर सुटणारं पाणी पाताळगंगेला मिळालं आणि वीज व पाणी दोन्ही असलेल्या या पट्ट्यात पुढे पोलाद, पाइप आणि रसायनं आली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्समुळे रसायनी हे नाव नकाशावर आलं. या कामाला पाळ्या असतात. दिवसपाळीत नीट चालणारा इन्शुलिनवरचा माणूस रात्रपाळी लागली की घसरतो, कारण जेवण, झोप आणि इंजेक्शन यांची सांगड तुटते आणि पहाटे साखर एकदम उतरते. दम्याच्या माणसाला पॅकिंग विभाग झेपतो, रिअ‍ॅक्टरजवळ मात्र श्वास लागतो. मिरगी असलेल्याने शिडीवर, भट्टीजवळ किंवा फिरत्या पट्ट्याशी एकट्याने उभं राहू नये, इथे धोका खराच असतो. पण त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोंदी ठेवायला त्याच मिरगीची आडकाठी असण्याचं कारण नाही.

तिसरं काम वीटभट्टीचं. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल घेतलेली असल्याने खाडा परवडत नाही. अंगमेहनत, ऊन, अपुरं पाणी आणि पहाटेची थंडी या चारही गोष्टींनी सिकलसेलचं दुखणं उसळतं. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडल्यासारखी दुखतात. अशा माणसाला भट्टीवर आळशी ठरवलं जातं. रक्ततपासणी झालेली नसेल तर तो स्वतःही स्वतःला आळशीच समजतो.

चौथं काम फार्महाऊस आणि रिसॉर्टचं. माळी, वॉचमन, स्वयंपाक, साफसफाई. पगार बेताचा असतो, पण काम घराजवळ आणि वेळ थोडीफार आपल्या हातात. आजारी माणसं इथे जास्त टिकतात, त्याचं कारण हेच. उणीव अशी की हजेरीपत्रक नाही, विमा नाही आणि शनिवार-रविवारी सुट्टी नाही.

या यादीतून दिसतं ते असं की एकच आजार एका कामात अडथळा ठरतो आणि दुसऱ्या कामात कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून नुसत्या आजाराच्या नावावर ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ लिहिणारा कागद फारसं काही सांगत नाही.

गेटवरची चाळणी

कामावर घेण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीचा मूळ हेतू चांगला होता. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणं आणि त्यांची तपासणी करणं मालकावर बंधनकारक झालं. रसायनाने कामगाराची फुप्फुसं बिघडत असतील तर ते वेळेत कळावं, हा त्यामागचा विचार होता. व्यवहारात ही तपासणी चाळणी झाली. कामगाराला वाचवण्यासाठी असलेली चाचणी त्याला गेटबाहेर ठेवायला वापरली जाऊ लागली. त्यात कामगार कंत्राटदारामार्फत आलेला असेल तर नकाराचं कारणही कोणी सांगत नाही. उद्यापासून येऊ नको, एवढंच कळतं.

या चाळणीला मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली एक मर्यादा घातली. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका कंपनीत रोजंदारीवर राबणारा एक माणूस नोकरीत कायम होण्याच्या वाटेवर होता. वैद्यकीय तपासणीत त्याला एचआयव्हीची लागण असल्याचं आढळलं आणि त्याचं नाव यादीतून गेलं. त्याची प्रकृती काम करण्याजोगी होती. बदनामीच्या भीतीने माणसं कोर्टाची पायरी चढत नाहीत, हे ओळखून न्यायालयाने त्याला नाव न सांगता दाद मागू दिली. म्हणून हा खटला आजही ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ याच नावाने ओळखला जातो. निकालाचा गाभा सोपा आहे. माणूस ते काम करू शकतो का, आणि त्याच्यामुळे कामाच्या जागी इतरांना खरोखर धोका आहे का, एवढे दोनच प्रश्न विचारायचे. हे न पाहता निव्वळ लागण आहे म्हणून काम नाकारणारा नियम मनमानी आहे आणि समानतेच्या व जगण्याच्या हक्काविरुद्ध आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यातलं हे तत्त्व पुढे देशाच्या कायद्यात आलं. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला मनाई केली. या कारणाने कोणाला काम नाकारायचं किंवा काढायचं असेल, तर स्वतंत्र आणि पात्र वैद्यकीय तज्ज्ञाचं लेखी मत लागतं आणि मालकालाही आपली अडचण लेखी मांडावी लागते. दुर्दैवाने इतकं स्पष्ट संरक्षण आपल्याकडे या एकाच आजाराला आहे. मधुमेह किंवा मिरगीच्या माणसाला तशी ढाल नाही. उलट, दीर्घ आजारपणामुळे सेवा संपवली तर औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत ती ‘कामगार कपात’ धरली जात नसे. त्यामुळे कपातीची नुकसानभरपाईही लागू होत नसे.

एकवीस आजार आणि चार टक्के

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स यादीत आले. बातम्यांमध्ये एवढंच छापून आलं आणि पुष्कळांना वाटलं की आता सरकारी नोकरीची वाट मोकळी झाली.

कायदा बारकाईने वाचला तर चित्र वेगळं दिसतं. सरकारी नोकरीतलं राखीव प्रमाण चार टक्के, त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. हे चार टक्के दृष्टी, श्रवण, हालचाल आणि चौथा एक गट असे एकेक टक्का वाटलेले आहेत. चौथ्या गटात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता येतात. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे विकार या वाटणीत कुठेच नाहीत. सिकलसेलच्या मुलाला कॉलेजच्या प्रवेशात पाच टक्क्यांच्या आरक्षणाचा लाभ मिळू शकतो आणि पदवी घेऊन नोकरीच्या रांगेत आला की तो लाभ संपतो. मधुमेह, दमा आणि मूत्रपिंडाचे विकार तर एकविसांतही नाहीत.

मानसिक आजाराच्या दाखल्यात आणखी एक पेच आहे. अपंगत्व मोजण्याच्या भारतीय पद्धतीत चार गोष्टी तपासतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद-समज आणि काम. म्हणजे माणूस औषध घेऊन नेटाने कामाला लागला की त्याची टक्केवारी घसरण्याची शक्यता वाढते. निराधार योजनेतही तसंच होतं. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. दहा हजारांची नोकरी लागली तर तिसऱ्या पगाराला मर्यादा ओलांडली जाते, आणि आजार पुन्हा उसळून नोकरी गेली तर सगळे कागद पहिल्यापासून. आजारी माणूस कामाला घाबरतो असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

या कायद्यातली एक तरतूद मात्र ज्याच्याकडे दाखला आहे त्याने पाठ करावी अशी आहे. अपंग व्यक्तीसाठी वाजवी सोयी-बदल करणं हे सरकारी आस्थापनेचं कर्तव्य आहे, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं तर तिला काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. खाजगी आस्थापनांनीही समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर अशा व्यक्तींना योग्य असलेली पदं त्यात नोंदवावी लागतात. अर्जाआधी ते धोरण मागून पाहायला हरकत नाही.

विमा कुठे आहे ते आधी बघा

दोन नोकऱ्या समोर असतील, एकीचा पगार हजाराने जास्त आणि दुसरीत ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर कायमच्या आजाराच्या माणसाने सहसा दुसरी घ्यावी. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के वाटा या विम्यात जातो. कामावर लागल्या दिवसापासून स्वतःला आणि कुटुंबाला उपचार मिळतात. आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं, स्किझोफ्रेनिया अशा ३४ दीर्घ आजारांसाठी ८० टक्के दराने लाभ पुढे दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो, मात्र त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी लागते. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढायचं नाही, ही अट तर १९४८ च्या मूळ कायद्यातच होती.

यातली खरी मेख तारखांत आहे. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणाचे पैसे मिळतात. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. नव्याने लागलेल्याला हा लाभ सुरू व्हायला साधारण नऊ महिने जातात. आणि कंत्राटदार अनेकदा सहा-सात महिन्यांतच ब्रेक देतो. म्हणून काम बदलताना विमा क्रमांक तोच ठेवायला सांगा, नवा काढू देऊ नका. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते का ते दर महिन्याला पाहा.

वेणगावचा धडा

कर्जतजवळचं वेणगाव नानासाहेब पेशव्यांचं जन्मगाव म्हणून सांगितलं जातं. २००६ पासून तिथे श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ साली मुंबईत हे काम सुरू केलं. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना आणायचं, उपचार करायचे आणि पत्ता शोधून घरी पोचवायचं. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर हजारो माणसं अशी घरी गेली होती.

या दांपत्याला सुरुवातीच्या काळात भेटलेला एक तरुण गटाराचं पाणी नारळाच्या करवंटीने पीत होता. उपचारांनंतर कळलं की तो विज्ञानाचा पदवीधर होता आणि त्याने पॅथॉलॉजीचं प्रशिक्षण घेतलं होतं. स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन विशी-पंचविशीत गाठतो, म्हणजे नेमका शिक्षण संपून नोकरी शोधण्याच्या वयात. घरी परतलेल्या माणसाला गोळ्या मिळतात, जेवण मिळतं, पण पुढे लोक विचारतात, आता काय करतोस? उत्तर नसलं की माणूस गोळ्याही सोडतो आणि आजार परत येतो. त्यामुळे या आजारात काम मिळणं हा उपचार टिकवण्याचाच एक भाग असतो.

जुनी समजूत अशी होती की आधी पूर्ण बरं व्हा, मग संरक्षित कार्यशाळेत मेणबत्त्या-पाकिटं शिका आणि जमलंच तर बाहेर काम शोधा. त्या तयारीतच वर्षं जायची. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये १९९० च्या सुमारास रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी क्रम उलटा केला. काम करायची इच्छा आहे ना, मग आधी बाजारातलं खरं काम शोधायचं, शिकवायचं कामावरच आणि मदतनीसाने सोबत राहायचं. अनेक देशांत घेतलेल्या चाचण्यांत या पद्धतीने जास्त लोक नोकरीला लागले. यातला मदतनीस मालकाशी बोलतो, पहिले काही आठवडे तास कमी ठेवायला सांगतो आणि अडचण आली की रुग्णाच्या डॉक्टरांना कळवतो. आपल्याकडे हे काम आशाताई, समाजसेवक, एखादा मामा किंवा जुना शिक्षक करू शकतो. त्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहायची गरज नाही.

तिसरा कागद

ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये डॉक्टरांच्या आजारपणाच्या चिठ्ठीत एक चौकट वाढवली. ‘काम करू शकत नाही’च्या जोडीला ‘या बदलांसह करू शकेल’ अशी ती चौकट. कमी तास, बदललेलं काम, जागेत फेरफार किंवा हळूहळू परतणं यांपैकी काय हवं त्यावर डॉक्टरांनी खूण करायची. आपल्याकडे असा छापील नमुना नाही, पण डॉक्टरांच्या लेटरहेडवर तो लिहून घ्यायला कोणाची हरकत नसते. समजा, इन्शुलिनवर असलेला पस्तिशीचा फिटर खोपोलीत काम शोधतो आहे. नुसतं ‘फिट’ असं लिहून आणण्यापेक्षा त्याने असं पत्र मागावं:

‘यांना मधुमेह असून उपचार नियमित आहेत. दिवसपाळीत उभ्याने व बसून काम करू शकतात. दर चार तासांनी खाण्यासाठी दहा मिनिटे लागतील. उंचीवर एकट्याने काम देऊ नये. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून कळवेन.’

पाच वाक्यांत मालकाला काय द्यायचं आणि काय टाळायचं ते कळतं, आणि पुढे वाद झालाच तर हातात पुरावा राहतो.

हे पत्र नेमकं व्हायचं तर माणसाला आपल्या आजाराचं वेळापत्रक ठाऊक हवं. महिनाभर वहीत चार गोष्टी लिहा. दिवसातली कोणती वेळ सर्वांत वाईट जाते, गोळी-इंजेक्शन आणि जेवण किती वाजता, दुखणं कशाने उसळतं आणि दवाखान्यासाठी किती खाडे पडतात. डायलिसिसवरच्या माणसाचे आठवड्यातले बहुधा तीन दिवस चार-चार तास जातात. त्याला सहा दिवसांची नोकरी शोधण्यात अर्थ नाही, घराजवळचं तासांवरचं काम बघावं. डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलिया आणि एचआयव्हीच्या रुग्णांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, तीही हिशेबात धरावी. इन्शुलिनची वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे थंड सावलीत टिकते, पण एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो. कामाच्या जागी फ्रिज नसेल तर ओल्या मातीच्या मडक्यात ती कोरड्या डब्यात ठेवता येते का, हे आधीच बघून ठेवावं.

सांगायचं कधी, हा सगळ्यांना छळणारा प्रश्न. लेखी विचारलं असेल तर खोटं लिहू नये, कारण ‘माहिती दडवली’ म्हणून काढणं सर्वांत सोपं असतं. विचारलं नसेल तर आजाराचं नाव सांगायची घाई नको, गरज सांगावी. ‘मला रात्रपाळी चालणार नाही, महिन्यातून एक दिवस दवाखाना आहे, तो दिवस रविवारी भरून देईन,’ एवढं सुपरवायझरला पुरतं. साखर उतरणं किंवा आकडी येणं यांसारखा प्रसंग घडू शकत असेल तर शेजारी काम करणाऱ्या एकाला तरी नीट सांगून ठेवावं: आकडी आली तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, कांदा-चप्पल हुंगवू नको. साखर उतरली तर शुद्धीवर असताना साखर-पाणी दे.

मालकांनाही यात तोटा नाही. शिकलेला फिटर आजारामुळे घालवून नवा तयार करण्यापेक्षा त्याला दिवसपाळी देणं बहुधा स्वस्त पडतं. कातकरी वाडीतली बाई, खोपोलीतला फिटर आणि वेणगावहून घरी परतलेला पदवीधर, या तिघांचंही मागणं छोटं आहे: आम्हाला कोणतं काम होतं ते आधी विचारा, मग नकार द्यायचा तर द्या. उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एका रोजंदारी कामगारासाठी हाच प्रश्न बंधनकारक केला. तो सगळ्याच आजारांसाठी विचारला जावा यासाठी कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर डॉक्टरांकडून हे पाच वाक्यांचं पत्र लिहून घ्यायला सुरुवात करता येते.